मला राग आला, आणि मी...

प्रिय मनू,

परवा झोपताना तू विचारलंस, "आई, मराठीत 'मला राग आला' असं का म्हणतात? राग काय पाहुणा आहे?" तेव्हा डोळे मिटत होते माझे, म्हणून आता लिहून सांगते.

आपल्याकडे राग येतो, भीती वाटते, भूक लागते, झोपसुद्धा लागते. आणि हे सगळं 'मला'. 'मी चिडले' असंही म्हणतो आपण, नाही असं नाही. पण वाक्य पुढे नेऊन बघ: मला राग आला आणि मी ओरडले. मला भीती वाटत होती, तरी मी गेले. जे आलं ते माझ्या हातात नव्हतं. त्यावर जे केलं ते माझं. मी कोण, हे मला तरी तिथेच सापडतं.

पण ही 'मी' आपली आपल्याला दिसते का गं? दीड वर्षाची असताना तू आरशातल्या बाळाच्या पाप्या घ्यायचीस. एकदा नाकाला काजळ लागलं होतं. तू आरशाला हात लावला नाहीस, थेट स्वतःचं नाक चोळलंस आणि एकदम गप्प झालीस. 1970 साली गॉर्डन गॅलप या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना लाल रंग लावून हेच पाहिलं होतं. तेही आरशात बघून स्वतःच्या अंगावरचा डाग चाचपायचे.

नाक दिसलं. स्वभावाचं काय? ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी आत्मरूपाला 'स्वसंवेद्य' म्हणते, म्हणजे जे आपलं आपल्यालाच कळतं. आत्म्याचं तसं असेल, स्वभावाचं नाही. माझ्या कागदांवर पाणी सांडलं त्या दिवशी मी म्हणत राहिले, "ओरडत नाहीये, समजावतेय." तू दाराला टेकून बाहीचं टोक चावत उभी होतीस. ती ओली बाही दिसली तेव्हा मला कळलं, माझा आवाज किती चढला होता ते.

तुझ्या वहीच्या मागच्या पानावर 'मी रागीटच आहे' असं लिहिलेलं दिसलं मला. खोडू नकोस. राग येईल त्या दिवशी, त्यानंतर तू काय केलंस, एवढंच खाली लिही. मीही माझं लिहितेय. रविवारी वह्या बदलून वाचू.

तुझी,
आई