काळ्या गाडीवरची कोळ्याची जाळी

प्रश्न: माझी काळी गाडी तीन वर्षांची आहे, उन्हात लावली की बॉनेटवर गोल गोल बारीक रेषा दिसतात, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारख्या. सोसायटीत रोज सकाळी एक मुलगा गाडी पुसतो. रंग परत मारावा लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अहो, रंग कशाला मारताय, थांबा जरा! ह्या रेषा त्या रोजच्या पुसण्यानेच पडल्यात, कारण गाडीवर रात्रभर धूळ बसते आणि तोच कोरडा फडका त्या धुळीसकट फिरवला की झालं, पॉलिश पेपर घासल्यासारखंच. आधी ते पुसणं बंद करा, नाहीतर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

आता नख आडवं फिरवून बघा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो पॉलिशने पूर्ण जात नाही. नाही अडकलं तर वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे, निघेल. गाडी शाम्पूने धुवायची, दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची एक नुसत्या पाण्याची, मग क्ले बार (चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवायचा आणि ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं मशीन) फोमचा पॅड लावून बारीक पॉलिश, सावलीत, आधी हातभर जागेवर करून बघा. कंपाउंडची, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशची घाई नको, क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, दर दिवाळीला घासत बसलात तर उरणार काय? नुसतं वॅक्स मारलं तर रेषा झाकतात फक्त, दोन-चार धुण्यांत परत हजर.

त्या मुलाला मायक्रोफायबरचे दोन-तीन कपडे घेऊन द्या आणि आधी पाणी मारायला सांगा. खाली पडलेला कपडा परत गाडीला लावायचा नाही, हे मात्र दोनदा सांगा.