चांगला डॉक्टर जिल्हा आरोग्य अधिकारी झाला तरी यंत्रणा का सुधारत नाही?

कारण औषधं, माणसं, पैसा सांभाळायला त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आठवडाभराच्या वर्गाने फारसं साधत नाही. नोकरीत ठेवूनच सहा-नऊ महिने अधिकारी, भांडारपाल, लेखापाल अशा अख्ख्या टीमला एक खरी अडचण सोडवायला द्या.

समजा, ओआरएस (जुलाबात पाण्यात घालून द्यायची क्षार-साखरेची पावडर) वारंवार संपतं. आधी नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा जुळवा, मग सरासरी मासिक खप काढा. इथेच हमखास चुकतं: साठा शून्य होता ते दिवस हिशोबातून वगळले नाहीत, तर खप कमी दिसतो आणि पुन्हा कमीच माल येतो. माल यायला दोन महिने लागत असतील, तर त्या दोन महिन्यांचा खप आणि वर थोडी राखीव शिल्लक, एवढाच साठा उरताच मागणी जायला हवी.

सोबत किरकोळ खर्चाचे अधिकारही द्या. आणि कृपा करून वर्षभरात बदली करू नका!