बोट लागते, पण जायचंय

"ताई, मी २७ वर्षांची. समुद्रविज्ञानात संशोधन करते. केपटाउनहून अंटार्क्टिकाकडे निघणाऱ्या जहाजावर माझी निवड झालीय. पण मला गेटवेहून मांडव्याला जातानाही बोट लागते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर नाव कापतील का?" – म., पुणे

म.,

मांडव्याची बोट तासाभरात धक्क्याला लागते, तुझी लागणार नाही. ४० अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेच्या वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. त्यात बर्फ फोडणाऱ्या जहाजांचं बूड गोलसर, त्यामुळे उघड्या समुद्रात ती जास्तच डोलतात. ताट टेबलावरून सरकतं, झोपेत माणूस बंकच्या कठड्यावर आदळतो. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं. काहींचं नाही. डार्विन १८३१ ते १८३६ 'बीगल'वर होता, त्याचं शेवटपर्यंत सरावलं नाही. बिस्किटं-मनुकांवर निभवायचा आणि काम करायचा.

मला उलट्यांपेक्षा तुझं लपवणं खटकलं. समज, रात्री दोनला सीटीडी, म्हणजे समुद्रात सोडलेलं, खारटपणा-तापमान मोजणारं आणि बाटल्यांत पाणी भरून आणणारं यंत्र, वर आलं. बाटल्यांतलं पाणी तेव्हाच काढून घ्यावं लागतं, ऑक्सिजन मोजायचा असेल तर सर्वांत आधी. तू बेसिन धरून बसलीस तर ते काम तुझी केबिनमधली सोबतीण करणार, स्वतःची कामाची पाळी संपवून. आधी ठाऊक असलं तर ती हसत करेल. ऐनवेळी कळलं तर धुसफुसेल, आणि तेवढ्याशा खोलीत धुसफुशीला जागा नसते.

नाव कापणार नाहीत अशी हमी मी कशी देऊ? पण बोट लागणारी तू काही पहिली नव्हेस, डॉक्टरांना नवल वाटायचं नाही. वैद्यकीय तपासणीतच सांग. गोळी कुठली, किती आधी घ्यायची, तेही विचार. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरत नाही, हे मी घाटातल्या एसटीत शिकले. दरवेळी नव्याने! केबिन जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची माग. पोट रिकामं ठेवू नकोस. लॅपटॉपवरची कामं निघण्याआधीच उरक.

पुढे बर्फ दाट झाला की लाटा दबतात. केपटाउन सोडल्यापासून पहिल्यांदा चहाचा कप ठेवला तिथेच राहील. त्या दिवशी पोटभर जेव.

आणि आईला? तिला तूर्त बर्फाचे फोटो पाठव. उलट्यांचं परतल्यावर सांगितलंस तरी चालेल.