बंधुता, भ्रातृभाव आणि भाऊबंदकी

प्रश्न असा आहे : राज्यशास्त्राच्या एका अभ्यासगटासाठी स्त्रीवादी राजकीय विचारवंत कॅरोल पेटमन यांच्या ‘द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट’ या १९८८ सालच्या ग्रंथाचा मराठी सारांश तयार करताना ‘फ्रॅटर्निटी’साठी ‘बंधुता’ हा शब्द योजला, तेव्हा गटातील दोघींनी हरकत घेतली. पेटमन ज्या गोष्टीवर टीका करतात तिला आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतले नाव कसे द्यायचे, असे एकीचे म्हणणे. दुसरीच्या मते ‘बंधुता’ हा शब्द मुळातच पुरुषवाचक आहे, म्हणून तो टाकून ‘भगिनीभाव’ किंवा ‘सहभाव’ घ्यावा. यांतले ग्राह्य काय, अशी विचारणा आहे.

पहिली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे, दुसरी निम्मीच. निम्मी का, हे आधी सांगतो.

‘बन्धु’ हा शब्द ‘बन्ध्’ म्हणजे बांधणे या धातूपासून आला आहे. ज्याच्याशी आपण बांधलेले आहोत तो बंधू, इतकाच त्याचा मूळ आशय. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात सख्ख्या भावासाठी ‘समानोदर्य, सोदर्य, सगर्भ्य, सहज’ असे शब्द एका ओळीत दिले आहेत आणि त्याच्या लगतच्या ओळीत ‘सगोत्र, बान्धव, ज्ञाति, बन्धु, स्व, स्वजन’ हे शब्द एका अर्थाचे म्हणून मांडले आहेत. कोशकाराच्या लेखी भाऊ ही एक गोष्ट आणि बंधू ही दुसरी. धर्मशास्त्रात तर गंमत याहून मोठी आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या मिताक्षरा या टीकेतील वारसाक्रमात आधी गोत्रज, म्हणजे एकाच गोत्रातले नातलग, येतात आणि ‘बंधु’ त्यांच्यानंतर. हे बंधू म्हणजे भिन्न गोत्रातले, एखाद्या स्त्रीच्या द्वारे जोडले गेलेले नातलग, जसे आतेभाऊ, मावसभाऊ आणि मामेभाऊ. सख्खा भाऊ या पारिभाषिक अर्थाने बंधू नव्हेच, तो गोत्रज. म्हणजे विज्ञानेश्वराच्या काळी चालुक्यांच्या राजधानीतल्या, कल्याणीच्या पंडितांना ‘बंधु’ म्हटल्यावर आत्या, मावशी आणि आई यांच्यामार्फत आलेले नाते आठवत असे. शब्द मुळातच पुरुषवाचक आहे, हा आक्षेप येथे टिकत नाही.

परंतु शब्दाची कुंडली म्हणजे त्याचा आजचा संसार नव्हे. मराठीत ‘बंधू’ म्हणजे भाऊच, आणि तोही जरा आदराने उल्लेखलेला. लग्नपत्रिकेत ‘ज्येष्ठ बंधू’ असतात, सभेत वक्ता ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणतो. नुसते ‘बंधूंनो’ म्हटल्याने स्त्रिया त्यात येत नाहीत, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तर तो ‘भगिनी’ जोडतो. तेव्हा ‘बंधुता’ ऐकताच कानाला भाऊ ऐकू येतो, ही तक्रार खोटी नाही. व्याकरण मात्र इथे कोणाच्याच मदतीला येत नाही : बंधुता स्त्रीलिंगी, बंधुत्व नपुंसकलिंगी आणि बंधुभाव पुल्लिंगी, अशी तिन्ही लिंगे एकाच कल्पनेच्या वाट्याला आली आहेत.

आता पेटमन. त्यांचा युक्तिवाद नीट लक्षात घेतल्याशिवाय शब्द निवडता येणार नाही. सतराव्या शतकात सर रॉबर्ट फिल्मर याने राजाची सत्ता ही बापाच्या सत्तेसारखी निसर्गदत्त असल्याचे मांडले. तत्त्वज्ञ जॉन लॉकने ते खोडून काढले : मुलगे वयात आले की स्वतंत्र होतात, आणि स्वतंत्र माणसांवर त्यांच्या संमतीनेच राज्य करता येते. आधुनिक लोकशाहीची कथा येथून सुरू होते, असे आपल्याला पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. पेटमन म्हणतात की ही कथा अर्धीच सांगितली जाते. बापाचे मुलग्यांवरचे राज्य गेले, पण पुरुषाचे स्त्रीवरचे राज्य तसेच राहिले. नवरा-बायकोत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द नवऱ्याचा, कारण तो अधिक समर्थ आणि बलवान, असे खुद्द लॉकनेच लिहून ठेवले आहे. म्हणजे बापाची गादी मोडली आणि बापाचा स्त्रीवरचा हक्क सगळ्या मुलग्यांनी आपसांत वाटून घेतला. त्यांनी केलेला सामाजिक करार हा भावाभावांचा करार होता, आणि त्या भावांना ‘फ्रॅटर्निटी’ हा शब्द पेटमन अक्षरशः लावतात. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ या फ्रेंच राज्यक्रांतीच्या ब्रीदातील तिसरा शब्द लोक अलंकारिक मानून सोडून देतात. त्या म्हणतात, सोडू नका, तो जसा आहे तसाच वाचा.

हे मराठीत सांगण्यासाठी आपल्याकडे उसना शब्द आणावा लागत नाही. ‘भाऊबंद’ हा शब्द आपल्याकडे आहे. भाऊबंद म्हणजे एका वडिलोपार्जित मिळकतीत वाटा असलेले पुरुष, आणि त्यांच्यातला तंटा ती भाऊबंदकी. बहिणीशी भांडण होऊ शकते, अबोला होऊ शकतो, पण तिच्याशी भाऊबंदकी होत नाही, कारण भाऊबंदकीला आधी हिस्सा लागतो. एका शब्दात मराठीने जे नोंदवून ठेवले आहे, ते राज्यशास्त्राला सांगायला ग्रंथ लिहावा लागला, असे म्हटले तर पेटमन रागावणार नाहीत.

बहिणीला हिस्सा मिळाल्यावर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार, केले. त्यानंतर हक्कसोडपत्राची चलती झाली. आमच्या घरातले असे एक पत्र माझ्याजवळ आहे. लिहून घेणार, दोन बंधू. लिहून देणार, तीन विवाहित भगिनी. आणि मध्ये मजकूर, की सदर मिळकतीतील आमचा अविभक्त हक्क व हिस्सा आम्ही राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता सोडून देत आहोत. खाली दोघींच्या सह्या आणि तिसरीचा अंगठा. मोबदला नाही हे खरेच, फक्त त्या दिवाळीला तिघींना एकसारख्या साड्या आल्या होत्या. संमती, स्वेच्छा, करार, हे उदारमतवादाचे सगळे शब्द त्या मुद्रांकाच्या कागदावर हजर आहेत, आणि पेटमन यांचा संशय नेमका त्या हजेरीवर आहे : ज्याला नाही म्हणणे परवडत नाही त्याच्या होकाराला करार म्हणावे का?

याचा अर्थ, पेटमन जेथे ‘फ्रॅटर्नल’ म्हणतात तेथे मराठीत ‘भ्रातृ’ हे पद घ्यावे : भ्रातृकरार, भ्रातृसत्ता. अधिक मोकळेपणाने लिहायचे असेल तर ‘भावाभावांचा करार’ हे सर्वांत चांगले. ‘बंधुतेचा करार’ लिहिले की वाचकाला काहीतरी उदात्त वाचल्यासारखे वाटते आणि टीकेची धार निघून जाते. याच ओघात आणखी एक सूचना : ‘पॅट्रिआर्की’साठी रूढ झालेला ‘पितृसत्ता’ या ग्रंथापुरता अडचणीचा आहे. आधुनिक पॅट्रिआर्की बापाची राहिलेली नाही, भावांची झाली आहे, हाच त्यांचा मुद्दा असल्यामुळे ‘भ्रातृप्रधान पितृसत्ता’ असा काहीसा तिढा तयार होतो. ‘पुरुषसत्ता’ वापरल्यास तो सुटतो.

दुसऱ्या हरकतीकडे परत येतो, कारण ती केवळ मराठीपुरती नाही. फ्रान्समध्ये ऑलांप द गूज या लेखिकेने १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ च्या ऑक्टोबरअखेर स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली आणि नोव्हेंबरच्या आरंभी तिला गिलोटिनवर चढवले गेले. १८४८ च्या राज्यघटनेत स्वातंत्र्य आणि समतेबरोबर बंधुतेला तत्त्व म्हणून स्थान मिळाले. त्या वर्षीचा सार्वत्रिक मताधिकार मात्र पुरुषांपुरताच होता, आणि स्त्रियांना तो मिळायला १९४४ उजाडले. तेथील स्त्री-पुरुष समानतेच्या उच्च परिषदेने २०१८ साली ‘फ्रातेर्निते’च्या जागी ‘आदेल्फिते’ किंवा ‘सॉलिदारिते’ असा शब्द सुचवला. ‘आदेल्फिते’ हा ग्रीक ‘आदेल्फोस’वरून आला आहे, आणि त्याची फोड ‘एकाच गर्भाशयातले’ अशी होते. म्हणजे थेट आपला ‘सगर्भ्य’. पॅरिसला जो शब्द दोन शतकांच्या वादानंतर सुचला तो अमरकोशात बंधूच्या शेजारच्या ओळीत बसलेला आहे, याचा मला थोडा आनंद होतो; पण त्याचे ‘सगर्भ्यता’ करून कोणी वापरील, असा भ्रम नाही.

भारताशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याचे पहिले कलम आधी ‘ऑल मेन’ने सुरू होत होते. संविधान सभेच्या सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातील भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तेथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आले. त्याच कलमाच्या शेवटचा ‘ब्रदरहुड’ मात्र तसाच राहिला. दुसरे ठिकाण आपल्या घटनेतील ५१ (क) (ङ) हे कलम. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या या मूलभूत कर्तव्यात सर्व जनतेत भ्रातृभाव वाढवावा आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या आहेत. दोन अर्धवाक्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला मसुदाकार विसरले असावेत.

असे असताना उद्देशिकेतील ‘बंधुता’ बदलावी का? माझे उत्तर नाही असे आहे. संविधान सभेत मांडलेल्या १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो घातला, आणि २१ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारणही दिले, की बंधुभावाची आणि सद्भावाची गरज भारताला आजच्याइतकी कधीच नव्हती. बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या पुटाहून अधिक खोल जाणार नाहीत, असे ते २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात म्हणाले. पुढे १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. या परंपरेत फ्रॅटर्निटीशी जुळणारा शब्द ‘मैत्री’ आहे, आणि मैत्रीला ना रक्त लागते, ना वडिलोपार्जित मिळकत. ती माणसापाशीही थांबत नाही, सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. तेव्हा उद्देशिकेतील बंधुतेचा अर्थ सांगताना भावाकडे न जाता मैत्रीकडे जावे. शब्द तोच ठेवून त्याचा आतला आशय बदलण्याची सोय आंबेडकरांनीच करून ठेवली आहे.

‘भगिनीभाव’ हा शब्द स्त्री-चळवळीत स्त्रियांच्या परस्परनात्यासाठी रुळला आहे आणि तेथे तो शोभतो. त्याला बंधुतेच्या जागी बसवले तर एक कुंपण काढून दुसरे घातल्यासारखे होईल. शिवाय त्या कुंपणाच्या आतही सगळ्याजणी सारख्या नव्हत्या, हे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या आपल्या लेखात दलित स्त्रियांच्या भूमिकेच्या अंगाने दाखवून दिले आहे. ‘सहभाव’ निर्दोष आहे, पण इतका निर्दोष की त्याला कशाचाच वास येत नाही. एखाद्या सहकारी पतसंस्थेचे नाव वाटावे. ‘भावंड’ हा नपुंसकलिंगी शब्द मला स्वतःला फार प्रिय आहे, कारण ‘तिला तीन भावंडे’ म्हटल्यावर किती भाऊ आणि किती बहिणी हे विचारावेच लागते. त्याच्याही पोटात भाऊच दडलेला आहे हे खरे, पण बोलणाऱ्याला तो आता टोचत नाही, आणि सारांशात एखाद्या ठिकाणी ‘भावंडपण’ लिहिल्यास माझी हरकत नाही.

सारांशाच्या मजकुरात एक लेखनदोषही दिसला, तो दुरुस्त करावा : ‘बंधू’ सुटा लिहिताना धू दीर्घ, पण ‘बंधुता’, ‘बंधुभाव’, ‘बंधुत्व’ यांत धु ऱ्हस्वच राहतो.