एकच सर्व्हर, तीन डोमेन: आधी पीटीआर बघ

तीन डोमेनचा मेल स्वतः चालवायचा म्हणून तीन मेल सर्व्हर घेऊ नकोस, एक पुरे. तिन्हींचा एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ते सांगणारी नोंद) एकाच होस्टनेमकडे, म्हणजे त्या सर्व्हरच्या नावाकडे वळव. आयपीचा पीटीआरही (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी उलटी नोंद) त्याच नावाचा हवा, आणि तो डोमेन विकणाऱ्याकडे नाही, व्हीपीएसवाल्याकडे, म्हणजे ज्याचा सर्व्हर भाड्याने घेतलास त्याच्याकडे, लावून घ्यावा लागतो. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका केटररचा मेल मी लावून दिला, तेव्हा नेमकं हेच राहिलं. लग्नाची कोटेशनं आठवडाभर गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडून होती. ऐन सीझनमध्ये त्या माणसाचं नुकसान झालं, ते मला अजून लागतं.

एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं) या नोंदी मात्र प्रत्येक डोमेनला वेगळ्या लाव. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर, म्हणजे काहीच कारवाई नको यावर ठेव, रिपोर्ट वाच, मग कडक कर. घरच्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) बहुधा बंदच असतो, तो नाद सोड. व्हीपीएसवरही तो उघडून देतात का, हे पैसे भरण्याआधी विचार.

पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) हाताने लावणार असशील तर त्याच्या व्हर्च्युअल डोमेनच्या यादीतलं डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डोमेनच्या यादीत, टाकू नकोस. एकच डोमेन दोन्ही याद्यांत आलं की पत्ता सापडत नाही म्हणून मेल परत जातात.

सगळं झालं की एक मेल जीमेलला पाठव, 'शो ओरिजिनल' उघड. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं, की मगच गिऱ्हाइकाचं डोमेन हलव.