पेडणे की 'पेरनेम'?

प्रश्न : माझ्या मुलाचं लग्न गोव्यातल्या पेडण्याच्या मुलीशी ठरलं आहे. पत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापायच्या आहेत. इंग्रजीसाठी मी गावाचं नाव उच्चाराप्रमाणे 'पी-ई-डी-एन-ई' असं लिहून दिलं, तर व्याह्यांचा फोन आला की 'पी-ई-आर-एन-ई-एम' करा. ते ऐकून छापखान्यातल्या मुलाने मराठी पत्रिकेतही 'पेरनेम' घातलं. बरोबर काय? आणि आपल्या गावाचं नाव आपण इंग्रजांच्या तोंडाने का घ्यायचं?
– एक वरमाय, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी छापखान्यात फोन करून मराठी पत्रिका थांबवा. मराठीत 'पेडणे'च, 'पेडण्याला', 'पेडण्याची'. 'पेरनेम' नावाचं गाव गोव्यात नाही. इंग्रजी पत्रिकेत मात्र व्याह्यांचं ऐका.

माझं माहेर सावंतवाडी आणि सासर म्हापसा. बांदा, पत्रादेवी, पेडणे, धारगळ, कोलवाळ या रस्त्याने मी किती वेळा गेले-आले त्याला गणती नाही. पत्रादेवीची हद्द ओलांडली की कंडक्टर पुकारायचा, 'पेडणें, पेडणें'. शेवटचा स्वर अर्धा नाकातून यायचा. तो कानाला लागला की मला त्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'एम' आठवतो, कारण तो 'एम' म्हणजे तोच नाकातला स्वर.

हे इंग्रजांनी केलेलं नाही, पोर्तुगिजांनी केलेलं आहे. पेडणे महाल आमच्या सावंतवाडी संस्थानात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगिजांकडे गेला आणि नाव त्यांच्या लिपीत गेलं. त्यांच्याकडे आपला 'ड' नाही. मडगावातल्या किंवा पेडण्यातल्या 'ड'साठी जवळचं अक्षर म्हणून त्यांनी 'आर' घेतला. शब्दाच्या शेवटी 'ए' किंवा 'ई' नाकातून येत असेल तर पुढे 'एम' लिहायचा ही त्यांच्या भाषेची रीत. तो 'म' म्हणून ओठ मिटायचे नसतात. मांद्रे, केपे, सांगे, मोरजी, डिचोली, शिवोली, या सगळ्यांना रोमनमध्ये असाच 'एम' लागलेला आहे. एका अर्थी तो आपला जुना अनुस्वारच आहे. आपणही 'पुणें', 'ठाणें' असंच लिहीत होतो. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, म्हणून आपल्याला तो आता दिसत नाही. कोकणीत तो अजून बोललाही जातो आणि लिहिलाही जातो.

काही खुणा वाटेत गळाल्या. पोर्तुगीज मडगाव लिहिताना शेवटच्या रोमन 'ए' अक्षरावर (मडगावच्या 'गा'मधला) नागमोडी रेघ देत, 'गांव'मधल्या अनुस्वारासाठी. म्हापशाच्या स्पेलिंगमध्ये 'सी'खाली शेपटी असे, तिचा उच्चार 'स'. 1961 साली गोवा मुक्त झाला, कारभार इंग्रजीत आला, रेघ गेली, शेपटीच्या 'सी'चा साधा 'एस' झाला. त्यामुळे ज्याने गाव पाहिलेलं नाही तो 'मारगाव' आणि 'मापुसा' वाचतो. दोष त्याचा नाही. पण आपण मराठी माणसांनी ते वाचन उचलून परत देवनागरीत लिहावं, याचं मला फार वाईट वाटतं. मराठी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत 'मोर्जिम' आणि 'मांद्रेम' दिसतं तेव्हा शेजारच्या गावाची ओळख पुसल्यासारखं होतं.

मग इंग्रजीत उच्चाराप्रमाणे का नको? लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या भाऊबीजेची गोष्ट सांगते. भाऊ तेव्हा मुंबईत नोकरीला होता. त्याने पाकिटावर पत्ता इंग्रजीत, अगदी मनापासून उच्चाराप्रमाणे लिहिला, 'एम-एच-ए-पी-एस-ए', आणि पिनकोड घातला नाही. पाकीट तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर हातात पडलं. पाठीवर चार ठिकाणचे शिक्के होते आणि पुढे त्याच्या निळ्या अक्षरांखाली कुणीतरी शिसपेन्सिलीने रूढ स्पेलिंग लिहिलेलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याचे उपकार मी अजून मानते. पाकीट जपून ठेवलं आहे.

तुमचे पाहुणे परदेशातून येणार असतील, तर ते नाव नकाशावर शोधतील, विमानतळावरून गाडी ठरवतील. सरकारी कागद आणि टपाल यांत जे स्पेलिंग आहे तेच त्यांना उपयोगी पडेल. मोप्याचा नवा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे, हेही पत्रिकेसोबत कळवा. रेल्वेने येणाऱ्यांना आणखी एक सांगा. मडगाव शहराचं इंग्रजी स्पेलिंग 'आर'चं असलं तरी तिथल्या स्टेशनचं नाव 'मडगाव' असं 'डी' घालून आहे, तिकीट काढताना तेच शोधायचं. जुन्या गोव्याजवळचं करमळी स्टेशनही तसंच. रेल्वेने उच्चार धरला, गावाचं इंग्रजी नाव मात्र 'कॅरंबोलिम' असं पोर्तुगीज वळणाचंच राहिलं.

इंग्रजी पत्रिकेत वर देवनागरीत ठळक 'पेडणे' छापायला मात्र काही हरकत नाही. माझ्या धाकट्या जावेने मुलाच्या लग्नात तसं केलं होतं. पत्त्याच्या ओळीत रूढ स्पेलिंग, पिन 403512, आणि वर गावाचं नाव गावाच्या अक्षरांत. फार शोभून दिसलं.

एक अपवाद सांगायला हवा. पणजीला इंग्रजीत 'पंजिम' म्हणणारे गोंयकारच पुष्कळ आहेत, आणि ते 'म' स्पष्ट उच्चारतात. तेच घरी कोकणीत 'पणजें' म्हणतात. त्यांना कुणी सुधारायला जाऊ नये. पेडण्याचं तसं नाही. तिथला माणूस इंग्रजीत लिहील 'एम' लावून, पण बोलेल पेडणें. वऱ्हाडातल्या मंडळींना निघण्यापूर्वी एवढं शिकवा, जिभेचं टोक वळवून 'ड' आणि ओठ न मिटता शेवटचा 'णें'. सुनेच्या आजीला ते ऐकून किती बरं वाटेल बघा.

प्रश्न : माझ्या 1969च्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'पूना' आहे. परदेशातल्या मुलाकडे जाण्यासाठी अर्ज भरताना 'पुणे' लिहू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ज्या अर्जाला दाखला जोडायचा आहे तिथे जन्मगाव दाखल्यावर आहे तसंच, अक्षर न बदलता. कागद आणि अर्ज जुळले पाहिजेत. आजच्या पत्त्यात मात्र 'पुणे'. संस्थेचं नाव तिच्या स्वतःच्या स्पेलिंगने लिहायचं. 1995 साली शहराचं 'मुंबई' झालं तरी उच्च न्यायालय इंग्रजीत 'बॉम्बे'च आहे, आणि तिथे 'मुंबई' घातलं तर चूक ठरते.