वाचकांचे प्रश्न : दुरुस्त झालेला रिपोर्ट रेसिडेंटपर्यंत परत पोचतो का?

प्रश्न : मी एमडी रेडिओडायग्नोसिसच्या (एक्स-रे, सीटी अशा तपासण्या वाचण्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. नाइट ड्यूटीत सीटीचे कच्चे रिपोर्ट लिहिते. सकाळी सर ते दुरुस्त करून फायनल करतात, पण काय बदललं ते मला कळत नाही. यातून शिकणं होतं का?
— एक रेसिडेंट, नागपूर

उत्तर : फार कमी होतं, आणि याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. चूक कळलीच नाही तर ती हाताला वळण लावते. फायनल करताना अनेक ठिकाणी कच्चा मजकूर पुसला जातो, म्हणून प्रत्येक केसचा क्रमांक आणि तुमचं एका ओळीचं निदान वहीत लिहा. रुग्णाचं नाव नको. दुसऱ्या दिवशी फायनल रिपोर्ट उघडून ताडून पाहा. फरक तीन प्रकारचा असतो : दिसलंच नाही, दिसलं पण अर्थ चुकला, किंवा अर्थ बरोबर असून लिहिण्यात गोंधळ झाला. तिन्हींवरचा उपाय वेगळा.

‘दिसलंच नाही’चं नेहमीचं उदाहरण म्हणजे कवटीलगतचं पातळ सबड्युरल रक्त, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेलं. मेंदूच्या विंडोत, म्हणजे राखाडी छटांच्या नेहमीच्या मांडणीत (छटांचा पल्ला म्हणजे विड्थ 80, त्याचा मध्य म्हणजे लेव्हल 40), ताजं रक्त जवळजवळ हाडाइतकंच पांढरं दिसतं आणि दोन-तीन मिलिमीटरची पट्टी हाडात मिसळून जाते. विड्थ 200 आणि लेव्हल 75च्या आसपास नेली की रक्त राखाडी होऊन हाडापासून सुटं दिसतं. कोरोनल (समोरून दिसणारे उभे) कापही बघाच. एक ते तीन आठवडे जुनं रक्त मेंदूच्याच छटेचं होतं; तेव्हा सल्काय (मेंदूवरच्या खाचा) कवटीपर्यंत पोचतात का, ते तपासायचं. वहीत अशी चूक दोनदा आली तर ही विंडो तुमच्या रोजच्या क्रमातच घाला.

‘अर्थ चुकला’ असेल तर वाचन कमी पडतंय. ती केस घेऊन सरांकडे जा आणि नेमकं विचारा : “हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

प्रश्न : आमच्या विभागात चुकांवर बैठक होते, पण कोणी तोंड उघडत नाही.
— विभागप्रमुख, डीएनबी (एमडीसमकक्ष पदवी) मान्यताप्राप्त रुग्णालय

उत्तर : पहिली केस तुमची स्वतःची, तुमच्याच नजरेतून निसटलेली ठेवा. बाकीच्यांची नावं काढून टाका. महिन्यातून एकदा, तासाभरात पाच-सहा केसेस पुरेत. उत्तर आधी सांगू नका : मूळ मागणीपत्रावरचा (तपासणी मागवणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेला) मजकूर तेवढा वाचून दाखवा आणि सगळ्यांना निदान लिहायला सांगा. उत्तर माहीत असलं की गाठ प्रत्येकालाच दिसते, आणि मग चुकणाऱ्यावर अन्याय होतो. शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काय निघालं ते मिळवून आणणं हे एका रेसिडेंटचं ठरलेलं काम असू द्या. या बैठकीतलं काहीही अंतर्गत गुणांत धरू नका. एकदा धरलंत की सगळे पुन्हा गप्प.

प्रश्न : एमडी करताना जिल्हा रुग्णालयातले सक्तीचे तीन महिने वाया जातात का?
— एक पालक, लातूर

उत्तर : नाही. मोठ्या रुग्णालयात सीटी-एमआरआयच्या गर्दीत छातीचा साधा एक्स-रे मागे पडतो. इथे तो भरपूर वाचायला मिळतो. फुप्फुसांची टोकं, हृदयामागचा भाग, डायफ्रामखालचा (श्वासपटलाखालचा) भाग आणि बरगड्या या चार जागा दर फिल्ममध्ये शेवटी पुन्हा बघण्याची सवय लावायला सांगा. निघण्यापूर्वी मार्गदर्शकांशी आठवड्यातला एक तास ठरवून घ्यावा, अडलेल्या केसेस ऑनलाइन दाखवण्यासाठी.